जुलैत बालीला गेलं तर पाऊस लागतोय काय?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरकडचे. मुलगा-सून जुलैच्या पहिल्या आठवड्यात बालीला घेऊन जातो म्हणून बसलेत. त्या टायमाला इकडं छत्रीशिवाय दाराबाहेर पाय पडत नाही, वर भातलावणीची गडबड, मग एवढे पैसे घालून दुसऱ्याच्या पावसात भिजायला कशाला जायचं? आणि एक, बेळगाव जिल्ह्याच्या निम्मंसुद्धा नसलेलं ते बेट जगतंय कशावर, नुसतं टुरिस्टवर?

टिळकवाडीचा
बिनधास्त जावा काका. बाली विषुववृत्ताच्या खाली 8 अंशावर. आपल्याकडं नैऋत्येचं वारं पाणी घेऊन येतंय तेव्हा तिकडं ऑस्ट्रेलियाकडनं कोरडं वारं सुटलेलं असतंय. पाऊस नोव्हेंबर ते मार्च. मधोमध ज्वालामुखींची रांग, आगुंग 3,000 मीटरच्या वर, त्यामुळं दक्षिण उताराला पाणी आणि उत्तर किनारा कोरडा, आपल्या जिल्ह्यातल्या पावसाळी कणकुंबी आणि कोरड्या अथणीसारखंच की! आगुंग जागृत आहे बरं का, 2017 ला राखेमुळं एअरपोर्ट बंद पडलेलं.

भाताचा_गडी
मी जाऊन आलोय, बीचचं सोडा, शेतं बघा. पाटात एक लाकूड आडवं टाकलेलं आणि त्याला खाचा, ज्याचा जेवढा वाटा तेवढी त्याची खाच रुंद, मी तिथंच अर्धा तास बसलो, बायको वैतागली. ह्या पाणीवाटपाच्या मंडळाला सुबक म्हणतात, 2012 ला युनेस्कोच्या यादीत आलंय. कुणी कधी लावायचं, शेत कधी रिकामं ठेवायचं ते पाण्याच्या देवळात ठरतंय. 1970 नंतर सरकारनं नवीन बियाणं देऊन पिकावर पीक घ्यायला लावलं, पाळ्या मोडल्या, मग पाणी पुरेना आणि किडीनं भात खाल्लं. सगळ्यांनी एकदम शेत मोकळं ठेवलं की किडीला खायलाच मिळत नाही, हे देवळाला ठाऊक होतं, ऑफिसरला नाही.

शहापूर_शिवार
भाताचं कौतुक खरं, पण पैसा टुरिस्टचाच. लोकवस्ती 43 लाख आणि 2019 ला परदेशी पाहुणे 62 लाख! 2020 ला कोरोनात विमानं थांबली तशी तिथली अर्थव्यवस्था वर्षात 9 टक्क्यांनी आकसली, हॉटेलातली पोरं गावी शेतावर परत. आता परत आले पाहुणे, आणि दक्षिणेला भाताच्या खाचरात व्हिला उठतायत. हॉटेलांना पाणी लागतंय ते वेगळंच. आमच्या शिवारात बासमतीच्या वासाच्या जागी प्लॉटचे दगड दिसतात, म्हणून जरा जास्तच लागतंय बघा.

मलप्रभाकाठ
छत्री घरात ठेवतो मग. ते खाचांचं लाकूड कुठल्या गावाला बघितलं तेवढं सांगा की गा, आमच्याकडं पाटाच्या पाण्यावरनं दोन घरं बोलत नाहीत.

भाताचा_गडी
जातिलुविह. सकाळी लवकर जावा, दहानंतर बसगाड्या येतात. आणि हो, उतरल्यावर दीड लाख रुपियाची (तिकडचं चलन) टुरिस्ट पट्टी लागतीय, आकडा बघून घाबरू नका, आपले हजाराच्या आतच.