प्रभावी दिनांक, अंमल दिनांक की नुसतं 'कधीपासून'?

पगारपत्रक (गोकुळ शिरगाव)
आमच्या कारखान्यात पगाराची नवी प्रणाली आली आहे. टाइम ऑफिसातली (हजेरी आणि पगार बघणारी) बरीच मंडळी मराठीतूनच काम करतात, म्हणून स्क्रीन मराठीत करून घेतली. भरती, बढती, बदली, पगारवाढ, राजीनामा, काहीही नोंदवा, एक रकाना भरावाच लागतो: 'प्रभावी दिनांक'. त्या एका रकान्यात तीन माणसं तीन तारखा घालतात. एकजण पत्रावरची, दुसरा साहेबांनी सही केली ती, तिसरा सरळ आजची. बोलताना मात्र सगळे 'याचा इफेक्ट कधीपासून द्यायचा?' असंच विचारतात आणि तेव्हा कुणाचाही गोंधळ होत नाही.
प्रश्न दोन आहेत. या रकान्याला मराठीत काय म्हणावं? आणि माणसाचा शेवटचा दिवस ३० जून असेल, तर तिथे ३० जून घालायची की १ जुलै?

व्याकरणवेडी
'प्रभावी' इथे बसतच नाही. वक्ता प्रभावी असतो, औषध प्रभावी असतं. तारीख कुणावर कसला प्रभाव पाडणार? 'परिणामकारक दिनांक' असंही एके ठिकाणी पाहिलंय, ते तर त्याहून वाईट. 'अंमल' बरा. मूळ अरबी 'अमल', म्हणजे काम, कृती. आपल्याकडे येऊन तो राज्याचाही झाला आणि भांगेचाही. पण आदेश अंमलात येतो, नियम अंमलात येतो. कामगाराचं बँक खातं बदललं तर ते 'अंमलात आलं' असं कुणी म्हणेल का? रकाना तर त्यालाही तोच आहे.

जुना हेडक्लार्क
जिल्हा परिषदेत आयुष्य गेलं, म्हणून सरकारी बाजूने लिहितो. आमच्याकडे एकाच कागदाला तीन तारखा असतात आणि त्यांची नावं वेगळी आहेत म्हणूनच गाडा चालतो. आदेशाचा दिनांक, रुजू दिनांक आणि लाभ ज्या तारखेपासून द्यायचा तो दिनांक. सातव्या वेतन आयोगाचं बघा. राज्याची अधिसूचना ३० जानेवारी २०१९ची, वेतन सुधारलं १ जानेवारी २०१६पासून. मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत देण्याचं ठरलं. कुणी रकान्यात ३० जानेवारी २०१९ घातली असती, तर थकबाकी निघालीच नसती. अशा वेळी आम्ही 'पूर्वलक्षी प्रभावाने' लिहितो. कायद्याच्या मराठीत 'भूतलक्षी' म्हणतात. ताई, तुमचा नावडता 'प्रभाव' तिथूनच आला असावा.
आणखी एक शब्द सांगतो: मानीव दिनांक. पदोन्नती ज्या दिवशी मिळायला हवी होती पण मिळाली नाही, तो दिवस नंतर 'मानून' दिला जातो. ज्येष्ठता त्या दिवसापासून धरतात, प्रत्यक्ष पैसे बहुधा पदभार घेतल्यापासूनच. मधल्या काळाचं वेतन काल्पनिकरीत्या, म्हणजे फक्त कागदावर, निश्चित होतं. म्हणजे एकाच बढतीला ज्येष्ठतेची तारीख वेगळी आणि पगाराची वेगळी. तुमच्या प्रणालीत एकच रकाना असेल, तर असल्या प्रकरणात हात वर करावे लागतील.
जाता जाता शाहू महाराजांची आठवण होते. २६ जुलै १९०२चा मागासवर्गीयांना पन्नास टक्के जागा देणारा हुकूम सगळ्यांना पाठ आहे. पण त्या हुकमात जागा भरायच्या त्या तो हुकूम पोचल्या तारखेपासून, निघाल्या तारखेपासून नव्हे. ज्याच्या हाती हुकूमच नाही, त्याने तो पाळला नाही असं कसं म्हणणार? करवीर दरबाराला हे १९०२ साली कळत होतं.

शिरोलीकर
मी टाइम ऑफिसातलाच, फौंड्रीत. दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो, कारण पैसे तिथे अडकतात. 'पर्यंत' आणि 'पासून' यांत एका दिवसाचं अंतर असतं आणि नोंद 'पर्यंत'ची नसतेच राव, नोंद कायम 'पासून'ची असते. बढतीची नोंद म्हणजे कुठल्या दिवसापासून नवा हुद्दा. राजीनाम्याची नोंद म्हणजे कुठल्या दिवसापासून तो आपल्याकडे नाही. ३० जूनला पूर्ण पाळी भरली, हजेरी लागली, मग ३० तारखेला तो आपल्याकडे होता की नाही? होता. 'नाही' १ जुलैपासून. पीपलसॉफ्टसारख्या मोठ्या प्रणालीत असंच आहे: सोडल्याची तारीख म्हणून शेवटच्या कामाच्या दिवसाच्या पुढचा दिवस घालायचा, शेवटचा दिवस ती आपली आपण काढते. एसएपी या दुसऱ्या मोठ्या प्रणालीतही सोडल्याची नोंद जिथून माणूस नोकरीत नाही तिथूनच सुरू होते.
आता उलट बाजू. गावातल्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा नुसतं 'सोडल्याची तारीख' असतं आणि त्यांना शेवटचा दिवस हवा असतो. म्हणून हा प्रश्न शब्दकोशात सुटणार नाही, बनवणाऱ्याला विचारा. विचारण्यापेक्षा एक खोटा कामगार नोंदवून पगार काढून बघा. महिना २४,००० धरा, जूनचे दिवस ३०. ३० तारीख घातल्यावर २४,००० आले तर त्यांना शेवटचा दिवस हवाय. २३,२०० आले तर पुढचा.

पगारपत्रक (गोकुळ शिरगाव)
हे झकास. आणि तिसऱ्या पाळीचं काय करता? ३० जूनच्या रात्री आत आला, १ जुलैला सकाळी बाहेर पडला. पंचिंग मशीनवर शेवटचा ठसा १ जुलैचा.

शिरोलीकर
१९४८च्या कारखाना कायद्याने तेव्हाच सोडवलंय ते. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत बारानंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे. शेवटचा दिवस ३० जून. मशीनचा ठसा बघून कुणी २ जुलै घातली की एक दिवस फुकटचा पगार.

व्याकरणवेडी
'पासून'बद्दल मलाही लिहायचं होतं. आपण 'उद्यापासून शाळा' म्हणतो तेव्हा उद्या शाळा असतेच, म्हणजे पहिला दिवस धरला. 'शनिवारपर्यंत रजा' म्हटल्यावर शनिवारीही रजा, शेवटचा दिवसही धरला. बोलीत दोन्ही टोकं आत. पण मुदती मोजण्याच्या कायद्याचा हिशेब वेगळा आहे. १८९७च्या सर्वसाधारण कलमे अधिनियमातल्या ९व्या कलमाप्रमाणे इंग्रजी मसुद्यात 'फ्रॉम' वापरला की पहिला दिवस वगळता येतो, 'टू' वापरला की शेवटचा धरता येतो. तो नियम मुदतींचा, नोटिशीचा; पगाराच्या ऑर्डरीतल्या 'पासून'ला तो चिकटवू नये. '१ एप्रिलपासून वाढ' म्हणजे १ एप्रिलचा पगारही वाढीवच, यावर टाइम ऑफिसात कुणाचं दुमत नसेल. वकिलाने तयार केलेल्या पत्रात मात्र नोटीस पिरियड 'अमुक तारखेपासून तीस दिवस' असं असतं, तिथे मोजणी बहुधा कायद्याच्या धर्तीवर. एकाच पत्रात दोन 'पासून' आणि दोघांचे स्वभाव वेगळे.

जुना हेडक्लार्क
सरकारने यावर तोडगा म्हणून दिवसाचे दोन तुकडे केले: म.पू. आणि म.नं. म्हणजे मध्यान्हपूर्व आणि मध्यान्हानंतर. 'दि. ३० रोजी म.नं. कार्यमुक्त' असं लिहिलं की तो दिवस जुन्या जागी मोजायचा, यात शंका राहत नाही. नियत वयोमानाची निवृत्ती तर महिन्याच्या अखेरच्या दिवशी दुपारनंतर. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. आमच्या पिढीत शाळामास्तरांनी पटावर घातलेल्या १ जून जन्मतारखा इतक्या आहेत, की ३१ मेला जिल्ह्यात हारतुऱ्यांचा तुटवडा पडतो!
त्या एका दिवसाची किंमतही ऐका. वेतनवाढ १ जुलैला आणि निवृत्ती ३० जूनला. वर्षभर राबूनही १ जुलैला माणूस सेवेत नाही, म्हणून वर्षानुवर्षं वाढ नाकारली जायची. शेवटी कर्नाटकच्या वीज पारेषण महामंडळाच्या खटल्यात ११ एप्रिल २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाढ आधीच्या वर्षाच्या सेवेची आहे, दुसऱ्या दिवशी हजर असण्याची नव्हे. म्हणजे कमाई कधीची आणि देय कधी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या एका रकान्यात ते दोन्ही कोंबले जातात.

पंचगंगाकाठ
साखर कारखान्यात या. कारखाने, कामगार संघटना आणि सरकार यांचा त्रिपक्षीय करार होतो तेव्हा मागची तारीख असतेच, आणि तोवर कितीतरी जण निवृत्त झालेले असतात. त्यांचाही फरक निघतो. त्यात हंगामी कायम कामगार, गळीत हंगाम संपला की घरी, पुन्हा हंगामाला हजर. दर वर्षी त्याला 'सोडला' आणि 'घेतला' नोंदवणारा एक क्लार्क बघितलाय. सेवाखंडच सेवाखंड, म्हणजे नोकरी दर वर्षी तुटल्यासारखी. तो सोडून गेलेला नसतो, त्याची फक्त स्थिती बदलते.

पगारपत्रक (गोकुळ शिरगाव)
मागच्या तारखेवरून एक विचारतो. पगारवाढीचं पत्र मे महिन्यात हातात आलं, वाढ १ एप्रिलपासून. एप्रिलचा पगार निघून महिना लॉक झालाय. काही जण म्हणतात १ मे घाला आणि एप्रिलचा फरक हाताने द्या, झटपट होतं.

शिरोलीकर
ते करू नका. १ एप्रिलच घाला, चांगली प्रणाली एप्रिलचा फरक स्वतः काढून मेच्या पगारात लावते. हाताने फरक दिला की पीएफ, ग्रॅच्युइटी, पुढच्या वर्षीची वाढ, सगळीकडे माणसाचा जुनाच पगार आणखी एक महिना चालू दिसतो. दोन वर्षांनी तो भांडायला आला की टेबलाच्या पलीकडचा माणूस कागद शोधत बसतो.
पण मागची तारीख घालण्याआधी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) बघा. महिन्याच्या पगाराची मर्यादा २१,०००ची. वर्गणीचे कालखंड दोन, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंड सुरू होताना मर्यादेत असलेला माणूस मधेच वर गेला, तरी तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. म्हणजे २०,५०० चा माणूस २२,०००वर १ मेपासून गेला तर सप्टेंबरअखेर ईएसआयमध्ये. १ एप्रिलपासूनच गेला तर एप्रिलपासूनच बाहेर का, हा प्रश्न उभा राहतो. त्याच्या बायकोचं ऑपरेशन मे महिन्यात ईएसआयच्या दवाखान्यात झालेलं असेल तर? तारीख ऑर्डरप्रमाणेच जाईल, आपल्या सोयीने नाही. पण ऑर्डर काढणाऱ्याला हे आधी सांगणं आपलं काम. तसंच कामगार कल्याण निधीची कपात ३० जून आणि ३१ डिसेंबरला पटावर असलेल्यांची, म्हणून महिनाअखेरीच्या राजीनाम्यात तुमचा तो एक दिवस तिथेही डोकावतो.

व्याकरणवेडी
एक वेगळा मुद्दा. 'बदल' आणि 'दुरुस्ती' हे शब्द तुमच्या स्क्रीनवर वेगळे आहेत का? कामगाराची श्रेणी १ जुलैला बदलली, तर नवी ओळ, तारीख १ जुलै. श्रेणी भरतीच्या दिवसापासूनच चुकीची टाइप झाली होती आणि ती जुलैमध्ये सापडली, तर नवी ओळ नको. जुनी ओळ जुन्याच तारखेला सुधारायची. दुसऱ्या प्रसंगात १ जुलै घातली, तर कागदावर त्याला बढती मिळाल्यासारखं दिसेल. 'अपडेट' या एका इंग्रजी शब्दाखाली आपण दोन्ही ढकलतो. मराठीत सुदैवाने दोन शब्द आधीच आहेत.

पगारपत्रक (गोकुळ शिरगाव)
नाहीत. एकच बटण आहे, 'अद्ययावत करा'. उद्याच पुरवठादाराला लिहितो.

जुना हेडक्लार्क
आणि एकाच दिवशी दोन नोंदी असतील तर क्रम विचारा. बदली आणि बढती दोन्ही १ तारखेला. आधी बदली नोंदवली तर बढती नव्या ठिकाणची, आधी बढती नोंदवली तर जुन्या ठिकाणची. आम्ही सेवापुस्तकात वर-खाली लिहायचो, म्हणजे वाचणाऱ्याला क्रम कळायचा.

व्याकरणवेडी
आता मूळ प्रश्नाचं. मला वाटतं इथे नाम शोधायलाच नको. तुम्ही सगळे बोलताना विचारता 'कधीपासून?', तोच प्रश्न रकान्याचं नाव करा. बढती: कधीपासून? नवं बँक खातं: कधीपासून? पत्ता, हुद्दा, पगार, सगळ्यांना चालतो. 'कधीपासून' असं विचारल्यावर कुणी सहीची तारीख सांगत नाही.

शिरोलीकर
राजीनाम्याला मात्र 'कधीपासून' नको. लोक ३०च लिहिणार. तिथे वेगळा रकाना ठेवा, 'शेवटचा कामाचा दिवस', आणि पुढची तारीख प्रणालीने स्वतः काढावी. आजची तारीख घालणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी 'नोंद केल्याची तारीख' आपोआप पडू दे, त्याला ती भरायलाच देऊ नका.

पगारपत्रक (गोकुळ शिरगाव)
दोन्ही मान्य, तसंच सुचवतो. शेवटचं एक. नेमणूकपत्रात १ जून २०२५पासून असं आहे. त्या दिवशी रविवार, माणूस २ जूनला हजर झाला. मालक म्हणतात पगार पहिल्यापासून द्या, रुजू तारीखही १ घाला.

जुना हेडक्लार्क
रुजू २ जूनच. एका दिवसाचा पगार मालकांना द्यायचाच असेल तर खुशाल देऊ देत, वेगळ्या शीर्षाखाली दाखवा. माणूस दारात आला नाही त्या दिवसाची हजेरी मस्टरवर कशी लावणार?