होमरचा समुद्र मद्यासारखा कसा?

प्रश्न
होमरच्या 'इलियड' या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या 23व्या सर्गात योद्धा अकिलीस आपला मृत मित्र पॅट्रोक्लस याच्या चितेपाशी नदीदेवतेसाठी राखलेले आपले केस कापतो आणि समुद्राकडे पाहत व्याकूळ होऊन बोलू लागतो. तेथे समुद्राला 'ओइनोपा पोन्तोन', म्हणजे मद्यासारखा गडद, असे म्हटले आहे. प्राचीन ग्रीकांना निळा रंग दिसतच नव्हता, म्हणून हे विशेषण आले, असे वाचनात आले. ते खरे मानावे काय?

प्रतिसाद 1
मला ते मुळीच पटत नाही. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टन यांनी 1858 साली होमरच्या रंगवाचक शब्दांच्या तोकडेपणाकडे लक्ष वेधले आणि तेथून ही समजूत फोफावली. परंतु शब्द नसणे म्हणजे दृष्टी नसणे नव्हे. 'ओइनोस' म्हणजे मद्य, आणि 'ऑप्स' म्हणजे डोळा किंवा चेहरा. आपल्या 'अक्षि'चे मूळही तेच. म्हणजे शब्दशः 'मद्यमुखी'. रंगाचे नाव त्यात कोठेही नाही. हेच विशेषण 13व्या सर्गात नांगर ओढणाऱ्या बैलजोडीला लावलेले आहे. त्या बैलांच्या शिंगांच्या मुळाशी घाम पाझरत असल्याचे वर्णन वाचले की तांबूस-काळसर, तुकतुकीत अंग डोळ्यांपुढे उभे राहते. समुद्राच्या बाबतीतही ही गडद झाकच अभिप्रेत असावी, असे मला वाटते.

प्रतिसाद 2
बैलांचा धागा फार महत्त्वाचा आहे. क्रीटमधील नोसॉस येथे सापडलेल्या, होमरच्या काही शतके आधीच्या मातीच्या पाट्यांवर एका बैलाचे नावच 'वोनोक्वोसो' असे आहे. म्हणजे हा शब्द पूर्वी 'व'ने सुरू होत असे. पुढे तो 'व' उच्चारातून गेला, पण वृत्ताने त्याची जागा राखली: 'एपि ओइनोपा पोन्तोन' असे म्हणताना 'एपि'चा अंत्य स्वर पुढच्या स्वरापूर्वी एरवी लोपला असता, येथे मात्र तो टिकून आहे. शिवाय 'ओइनोपा पोन्तोन' ही गुरू-लघू-लघू, गुरू-गुरू अशी मांडणी महाकाव्याच्या षट्पदी, म्हणजे सहा गणांच्या, ओळीच्या शेवटी चपखल बसते. गायकाच्या जिभेवर हे शब्द जोडीनेच येत असत. म्हणून दर वेळी त्या क्षणीच्या पाण्याचा नेमका रंग त्यात शोधू नये.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. 'पोन्तोस'चेही मूळ सांगता येईल काय?

प्रतिसाद 2
अवश्य. तो आपल्या 'पंथ' शब्दाचा सख्खा नातलग आहे. ग्रीकांनी समुद्राला दिलेल्या या नावात ओलांडून जाण्याची वाट दडलेली आहे.