स्टायनर यांची पहिली भाषा
जॉर्ज स्टायनर यांना केवळ ‘इंग्रजी समीक्षक’ म्हणणे मला अपुरे वाटते. १९२९ साली पॅरिसमध्ये, व्हिएन्नाहून आलेल्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या स्टायनर यांच्या कानांवर जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी लहानपणापासून एकदमच पडत होत्या, आणि यांतली आपली पहिली भाषा कोणती हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नसे. १९४० मध्ये वडिलांच्या दूरदृष्टीमुळे कुटुंब न्यूयॉर्कला पोहोचले. शाळेतले बहुतेक ज्यू सोबती मात्र नाझींच्या हत्याकांडातून वाचले नाहीत. एकाच भाषेत समजून घेणे हेही भाषांतरच, असे ते ‘आफ्टर बॅबेल’ या पुस्तकात (१९७५) मांडतात, तेव्हा त्यामागे मला हे तीन भाषांचे घरच दिसते. केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजचे फेलो असूनही त्यांना प्राध्यापकपद मिळाले ते जिनिव्हात.