वडिलांना मधुमेह आहे. रक्तवाहिन्यांची कोणती तपासणी करावी?

प्रश्न (कोथरूड)
माझे वडील 66 वर्षांचे असून त्यांना बरीच वर्षे टाइप टू मधुमेह आहे. गोळ्यांवर साखर बऱ्यापैकी आटोक्यात आहे आणि छातीत दुखणे, धाप लागणे असे काही नाही. पूर्वी ते न थांबता पर्वती चढत, हल्ली मात्र मध्येच थांबतात. कारण विचारले तर ‘पोटऱ्या भरून येतात, वय झालं आता’ एवढेच सांगतात. तपासणीच्या एका पॅकेजमध्ये हृदयाचा सीटी स्कॅन सुचवला आहे. तो करून घ्यावा का?

उत्तर (सदाशिव पेठ, जनरल प्रॅक्टिशनर)
कृपया हे वयावर सोडून देऊ नका. चालताना पोटऱ्या भरून येणे आणि थांबल्यावर काही मिनिटांत त्या मोकळ्या होणे, हे पायाच्या धमन्या अरुंद होत असल्याचे लक्षण असू शकते. स्कॅनआधी दोन्ही पावलांच्या नाड्या हाताने तपासून घ्या आणि ‘एबीआय’ (घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर) करून घ्या. त्यात रुग्णाला थोडा वेळ शांत निजवून दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा रक्तदाब छोट्या डॉप्लर यंत्राने मोजतात व घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. दंडाला 140 आणि घोट्याला 112 आले, तर उत्तर 0.80 येते, 0.90 किंवा त्याहून कमी उत्तर आजार दर्शवते. सुई नाही, किरण नाहीत.

पॅकेजमधला सीटी बहुधा कॅल्शियम स्कोअरचा असावा. तो हृदयाच्या धमन्यांतला कॅल्शियमचा साठा दाखवतो, पायांबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय या वयाच्या मधुमेहींना स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी सहसा दिलीच जाते, त्यामुळे स्कॅनने उपचार फारसे बदलत नाहीत. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायड’ अभ्यासातही, लक्षणे नसलेल्या मधुमेहींच्या हृदयाचे सरसकट न्यूक्लिअर स्कॅन केल्याने हृदयविकाराचे झटके व हृदयविकाराने होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले नाहीत.

उत्तर (औंध)
वरील उत्तराला एक महत्त्वाची जोड देते. दीर्घकाळच्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या इतक्या कडक होतात की रक्तदाबाच्या पट्ट्याने नीट दाबल्याच जात नाहीत, आणि मग रक्तपुरवठा कमी असूनही एबीआय चांगला दिसतो. आकडा 1.40 च्या वर गेला, किंवा तो सामान्य येऊनही शंका उरली, तर पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा. त्याला दंडाच्या आकड्याने भागून येणारे गुणोत्तर 0.70 पेक्षा कमी असणे चांगले नाही. आणि लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी झाली नसेल तर तीही करा. ते वाढलेले असेल तर केवळ मूत्रपिंडाचाच नव्हे, हृदयाचा धोकाही वाढलेला असतो.

उत्तर (हडपसर)
पावले रोज उजेडात पाहा, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या आईची करंगळी वहाणेच्या पट्ट्याने सोलपटली होती, पण बधिरपणामुळे तिला ते जाणवलेच नाही. मोज्यावर डाग दिसला तेव्हा जखम खोल गेली होती. नसा बधिर झाल्या की पोटरीचे दुखणेसुद्धा दबून जाते, म्हणून ‘दुखत नाही’ या उत्तरावर विसंबू नका.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. या आठवड्यातच एबीआय करून घेतो. तोवर त्यांचे चालणे बंद ठेवावे का?

उत्तर (सदाशिव पेठ, जनरल प्रॅक्टिशनर)
पावलांवर जखम नसेल आणि छातीचा त्रास नसेल, तर बंद करू नका. सपाट रस्त्यावर चालावे, पोटरी भरून आली की थांबावे, मोकळी झाली की पुन्हा निघावे. तंबाखू कोणत्याही रूपात असेल तर ती मात्र आजच सोडायला लावा. पाय अचानक गार, फिकट पडून दुखू लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.