मेहुण्याला साइटवर ठेवावे की नाही?

प्रश्न (अमळनेर): माझा घरबांधणीचा लहानसा ठेका असून पत्नीचा धाकटा भाऊ साइटवर मुकादम आहे. गवंड्यांकडून काम करून घेण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. परंतु उचल मिळाली की तो न सांगता गायब होतो. यंदा स्लॅब टाकल्यावर तिसऱ्याच दिवशी तो आखाजीसाठी (अक्षय्य तृतीयेसाठी) गावी निघून गेला, स्लॅबवर पाणी साठवायला केलेले वाफे कोरडे पडले आणि स्लॅबवर बारीक भेगा दिसू लागल्या. त्याला बोलावे, तर घरात अबोला. काय करावे?

उत्तर (धुळे): प्रथम भेगा अभियंत्याला दाखवा. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान 10 दिवस पाणी द्यावे लागते. आपल्याकडच्या वैशाखात हे काम एकट्या माणसावर, मग तो कितीही जवळचा असो, सोडणेच धोक्याचे आहे. पाणी मारण्याची वेगळी मजुरी वॉचमनला द्या.

उत्तर (भुसावळ): उचल बंद करून पगार इतरांसोबतच बाजाराच्या दिवशी द्या आणि हजेरीपटावर त्याचीही सही घ्या. हे त्याला स्वतः सांगा, पत्नीमार्फत नको.

उत्तर (चोपडा): मी वरील मताशी पूर्ण सहमत नाही, कारण अशी माणसे पगारावर टिकत नाहीत. त्याला फक्त मजुरीचा ठेका लेखी द्या, जोते, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांनी पैसे द्या आणि सिमेंट-लोखंडाची किल्ली मात्र स्वतःकडे ठेवा.

प्रश्नकर्ता: लेखी ठेक्याला सासरे तयार होतील असे वाटते, रविवारी बोलतो.