फायटर बाजूला उभा आहे, एवढ्यावर स्नीक अटॅक द्यायचा का?

फरशीवरचा नकाशा:

प्रतापनगरला आमच्या घरी दर रविवारी खेळ असतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, चार खेळाडू आणि डीएम (खेळ चालवणारा) मी. सगळे पाचव्या लेव्हलला. सकाळी तर्री-पोहे आटोपले की हॉलमधली फरशी हाच नकाशा. एक फरशी म्हणजे पाच फूट, आणि माणसं म्हणून कॅरमच्या सोंगट्या. रोगची (देवनागरीत लिहिलं की आजार वाटतो, म्हणून पुढे चोरच म्हणतो) सोंगटी काळी.

बरेच रविवार आम्ही एका पडक्या चौकीत अडकलोय; गेल्या रविवारी तिथे पुन्हा हॉबगॉब्लिनांशी गाठ पडली. चोराची पाळी आली. मोबाइलवरची नजर न काढता तो म्हणाला, "फायटर बाजूला आहे. स्नीक." फासे टाकले, अठरा डॅमेज सांगितलं, झालं. पुढच्या पाळीला तेच, त्याच्या पुढच्या पाळीलाही तेच. सहा राउंडमध्ये (एक राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी) त्याच्या तोंडून याहून वेगळं वाक्य आलं नाही.

हे नियमात बसतं, मला मान्य आहे. जे खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चोराला एका पाळीत एकदा जादा डॅमेज मिळतं (हाच स्नीक अटॅक), पाचव्या लेव्हलला ३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे. त्यासाठी फायनेस (चपळाईने चालवायचं) हत्यार किंवा लांबून मारायचं हत्यार लागतं. शिवाय वाराच्या फेकीला अ‍ॅडव्हांटेज (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा) हवा, किंवा सावजापासून पाच फुटांत सावजाचा दुसरा कुणी शत्रू शुद्धीवर उभा हवा. या दुसऱ्या वाटेने गेलं तर फेकीवर डिसअ‍ॅडव्हांटेज (उलट, लहान आकडा घ्यायचा) असून चालत नाही. आमचा फायटर कायम पुढे, त्यामुळे ही दुसरी वाट कायम उघडी.

ती मी बंद करायची म्हणतोय. लपून या, दिवा विझवा, शत्रूला आडवं पाडा, अ‍ॅडव्हांटेज मिळवा आणि मग घ्या. नावच स्नीक आहे. बिनकष्टाने मिळणाऱ्या वारात चोरपण कुठे उरलं? तुमच्या टेबलावर काय करता?

झिरो माईल:

बंद करू नका. आधी आकडे बघा.

डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ असलेल्या चोराचा शॉर्टसोर्डचा वार १डी६+४, सरासरी ७.५. स्नीकचे ३डी६ म्हणजे १०.५. मिळून १८. तुमच्या फायटरला पाचव्या लेव्हलला दोन वार आहेत. ग्रेटसोर्ड असेल तर एकेक २डी६+४, सरासरी ११. हॉबगॉब्लिनचा एसी (वार बसायला गाठायचा आकडा) १८, दोघांनाही फेकीत +७, म्हणजे विसाच्या फाशावर ११ लागतात आणि निम्मे वार बसतात. क्रिटिकल बाजूला ठेवले तर फायटर राउंडला सरासरी ११ मारतो, चोर ९. स्नीक काढून घेतला की चोर ३.७५ वर येतो. चोराला जास्त काही मिळत नाहीये. फायटरला दोन वारांत मिळतं ते त्याला एकात मिळतं, आणि तो एक चुकला तर अख्खी पाळी गेली.

म्हणून शहाणा चोर दुसऱ्या हातात दुसरं शॉर्टसोर्ड धरतो. पहिला वार चुकला तर त्याच पाळीतल्या जादा कृतीने म्हणजे बोनस अ‍ॅक्शनने दुसरा. दोनपैकी एक तरी बसण्याची शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते. लपून अ‍ॅडव्हांटेज घेतला तरी तेच ७५. फक्त लपायला आधी स्टेल्थचा (लपण्याचा) फासा जिंकावा लागतो, आडोसा लागतो, आणि आडोशातून बाहेर पडून शत्रूपर्यंत चालत गेलं की तो बहुतेक वेळा पाहतोच. लपणं धनुष्यवाल्याच्या कामाचं. जवळून मारणाऱ्या चोराला तुम्ही दार बंद करून खिडकीही देत नाही आहात.

आणि एक सांगा. त्या हॉबगॉब्लिनांच्या पानावर मार्शल अ‍ॅडव्हांटेज लिहिलेलं आहे. त्यांचा सोबती सावजापासून पाच फुटांत उभा असेल तर पाळीतून एकदा २डी६ जादा. शब्द जवळपास तेच. ते तुम्ही रविवारी वापरलंत ना? तेव्हा हॉबगॉब्लिनला विचारलं होतंत का, "कुठून लपून आलास?"

जुना फासा:

मी धागाकर्त्याच्या बाजूने. आम्ही २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीवर वाढलो. तेव्हा स्नीक हवा असेल तर सावजाला बगल द्यायला जागाच उरता कामा नये, म्हणजे त्याचा डेक्स्टेरिटीचा बोनस गेलेला हवा, नाहीतर फ्लँकिंग हवं. फ्लँकिंग म्हणजे चोर आणि फायटर बरोबर समोरासमोर, सावज मध्ये. धनुष्याने मारायचं तर ३० फुटांच्या आत. त्याहून आधीच्या आवृत्त्यांत तर मागूनच वार करावा लागे, आणि तो लेव्हलनुसार दुप्पट ते पाचपट लागायचा.

त्याने खेळ कसा बदलायचा ते सांगतो. चोराला शत्रूला वळसा घालून पलीकडे जावं लागायचं. जाताना टम्बल (कोलांटीचा फासा) चुकलं की वाटेत मार. त्या तीन-चार फरश्या ओलांडताना सगळं टेबल पुढे सरकून बघायचं. आता चोर फायटरच्या खांद्यामागून हात लांब करतो. माझी सूचना अशी की दुसरी वाट ठेवा, पण चोर आणि सोबती समोरासमोर असतील तरच.

रातराणी:

जुना फासा, ती आवृत्ती मीही खेळले आहे, चोर घेऊनच. तुम्ही अर्धीच आठवण सांगितलीत.

हॉस्टेलच्या दिवसांत आमच्या डीएमने आम्हाला एका कबरस्तानात उतरवलं. सांगाडे, झोंबी, पुन्हा सांगाडे. तिसऱ्या आवृत्तीत मेलेल्यांवर स्नीक चालत नसे. यंत्रपुतळ्यांवर नाही, वनस्पतींवर नाही, चिखलगोळ्यांवर नाही. चार रविवार माझ्या चोराने काय केलं? मशाल धरली. "तुझी पाळी." "मशाल वर करते." पाचव्या रविवारी मी गेले नाही, आणि मग सहा वर्षं खेळलेच नाही. पाचव्या आवृत्तीने ते सगळे अपवाद काढून टाकले, ते कुणीतरी अशा चोरांकडे बघूनच काढले असणार असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ प्रश्न. तुम्हाला वाटा हव्यात तर त्या खूप आहेत, फक्त त्या चोराच्या एकट्याच्या नाहीत. क्लेरिक (पुजारी), विझार्ड (जादूगार), फायटर यांना विचारा की चोरासाठी तुम्ही काय करता. फायटरने ढकलून पाडलं की पाच फुटांतल्या सगळ्यांना अ‍ॅडव्हांटेज (धनुष्यवाला लांब असेल तर उलट तोटा, हे लक्षात ठेवा). कुणाकडे फेअरी फायर हा मंत्र असेल तर २० फुटांच्या घनात जे जे सेव्ह (बचावाचा फासा) चुकतील ते सगळे उजळून निघतात आणि त्यांच्यावर अ‍ॅडव्हांटेज. चोर एकटाच लढणारा असेल तर स्वॅशबकलर हा चोराचा उपप्रकार सुचवा. त्याच्या आणि सावजाच्या दोघांतच झुंज असेल तरी त्याचा स्नीक चालतो. २०२० मध्ये चोरासाठी स्टेडी एम आलं. त्या पाळीत जागचं हलायचं नाही, बोनस अ‍ॅक्शन द्यायची आणि पुढच्या वाराला अ‍ॅडव्हांटेज घ्यायचा.

माझी सगळ्यात आवडती वाट मात्र नियमातल्या एका शब्दात आहे. स्नीक 'पाळीतून एकदा' आहे, 'राउंडमधून एकदा' नाही. शत्रू चोराच्या आवाक्यातून निसटायला गेला तर चोराला लगेच एक वार मिळतो; त्या रिअ‍ॅक्शनच्या वारावरही स्नीक बसतो, कारण ती पाळी दुसऱ्याची. फायटर बॅटल मास्टर (फायटरचा उपप्रकार) असेल तर तो कमांडर्स स्ट्राइकने आपला एक वार चोराला देऊ शकतो. आमच्याकडे फायटर "मार!" असं ओरडतो आणि सगळं टेबल चोराकडे वळतं. तुमची दुसरी वाट बंद झाली तर हे सगळं बंद, कारण रिअ‍ॅक्शनच्या वाराला अ‍ॅडव्हांटेज सहसा नसतो.

उजवा कोपरा:

भाऊ, नाव स्नीक हाय म्हणून लपलंच पाहिजे, हे काही पटत नाही. मी कबड्डी खेळलेला माणूस. उजव्या कोपऱ्यावर आठ वर्षं.

चढाईवाला आत येते. त्याची नजर मधल्या साखळीवर, कारण तिथं दोघं हात धरून पुढं सरकून राहिले. मी त्याला दिसतो. मैदानात लपणार कुठं? पण त्यानं साखळीकडं पाय टाकला, सगळं वजन त्या पायावर गेलं, की मागच्या पायाचा घोटा माझा. त्याच्या आधी गेलो तर तो उडी मारून सुटते. नंतर गेलो तर रेषा गाठते. अर्ध्या सेकंदाचं काम हाय ते.

घोटा मला काऊन भेटला? साखळीनं त्याला कामाला लावलं म्हणून. तोच तुमचा फायटर. त्याच्याकडं पाहता पाहता शत्रूचा एक पाय उघडा पडते आणि चोर तिथं हात घालते. पाच फुटांचा नियम हेच तर सांगून राहिला. याच्यात कष्ट नाही असं ज्याला वाटते त्यानं एकदा कोपऱ्यावर उभं राहून पाहावं.

फरशीवरचा नकाशा:

हॉबगॉब्लिनचा मुद्दा वाचून मी पुस्तक काढलं. बरोबर आहे. मी रविवारी तीन वेळा २डी६ घेतले आणि एकदाही कसं ते सांगितलं नाही. ज्या नियमाने मी मारतो तो मी खेळाडूकडून काढून घेऊ शकत नाही. दुसरी वाट राहील.

कबड्डीची पोस्ट मी बायकोला वाचून दाखवली. मला चोराकडून हेच ऐकायचं आहे! शत्रूचं वजन कोणत्या पायावर गेलं, ढाल कुठे उचलली गेली. एक वाक्य चालेल. त्यामुळे आता विचार असा की नियम पुस्तकातलाच, पण वर्णन केलं तरच स्नीक.

विझार्डने मंत्राने बोलावलेल्या घुबडाला मात्र माझा विरोध आहे. ते येतं, हॉबगॉब्लिनच्या तोंडासमोर फडफडतं, हेल्प देतं आणि उडून जातं. फ्लायबाय असल्याने त्याला जाताना कुणी मारूही शकत नाही. दर राउंडला फुकटचा अ‍ॅडव्हांटेज.

रातराणी:

घुबडाला एक हिट पॉइंट आहे, म्हणजे एका वारात खलास, आणि एसी ११. तुमच्या हॉबगॉब्लिनकडे धनुष्यं आहेत. एकाने अ‍ॅक्शन राखून ठेवली आणि घुबड आवाक्यात येताच बाण सोडला की संपलं. परत बोलवायला तास आणि १० सोन्याची नाणी किमतीचा कोळसा, धूप, औषधी. आणि तो बाण तुमच्या क्लेरिकला लागणार होता. ही किंमतच आहे.

वर्णनाच्या अटीला मात्र माझा जास्त विरोध. फायटरने कुऱ्हाड मारली की त्याला विचारता का, कशी मारलीस? ज्याला पटकन बोलता येत नाही त्याचे ३डी६ कापले जाणार.

जुना फासा:

वर्णनाशिवाय खेळायचं तर मग कॅल्क्युलेटर घेऊन बसा. एक वाक्य मागणं म्हणजे जुलूम नाही.

काळी सोंगटी:

दादा, तो चोर मीच. पाठवलेल्या लिंकवरून आलो, सगळं वाचलं.

मी सुरुवातीला वर्णन करायचो, तुला आठवत असेल. चौकीच्या पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं की झुंबराच्या साखळीला लटकून हॉबगॉब्लिनच्या मागे उतरतो आणि मानेजवळ वार करतो. तू खूश झालास आणि म्हणालास, अ‍ॅक्रोबॅटिक्स टाक. टाकला. मग म्हणालास, स्टेल्थ टाक, कारण साखळी वाजेल. तो चुकला. मग म्हणालास की त्याने तुला पाहिलं, स्नीक नाही. फायटर तेव्हाही त्याच्या बाजूलाच होता.

पुढच्या वेळी टेबलाखालून सरपटत गेलो, पुन्हा स्टेल्थ. त्याच्या पुढच्या वेळी वाळू डोळ्यांत फेकली, तेव्हा स्लाइट ऑफ हँड (हातचलाखीचा फासा). जितकं जास्त बोललो तितके जास्त फासे, आणि प्रत्येक फाशात चुकायची एक जागा. ज्या दिवशी "फायटर बाजूला आहे, स्नीक" एवढंच म्हटलं त्या दिवशी तू काहीच मागितलं नाहीस, आणि अठरा डॅमेज बसलं. मग मी तेच म्हणायला लागलो. मोबाइलवर माझ्या चोराचंच पान उघडं असतं, खेळ नाही. मला कंटाळा आलेला नाही. झुंबराचं मी आदल्या रात्रीच ठरवून आलो होतो.

झिरो माईल:

दोन फासे, प्रत्येकी ६० टक्के धरले तरी दोन्ही जिंकण्याची शक्यता ३६. मग वाराचे ५०. वर्णन करणाऱ्याला १८ टक्के, गप्प बसणाऱ्याला ५०. त्याने बरोबर हिशेब केला.

फरशीवरचा नकाशा:

मी वही काढून बघितली. माझ्याच अक्षरात लिहिलंय: "झुंबर, स्टेल्थ ६, दिसला, डॅमेज ७." खाली टेबलाचंही आहे. वाळूचं लिहिलेलं नाही, पण मला आठवलं.

तू जे सांगतोयस ते तसंच घडलं. स्नीक तुला फायटरमुळे मिळतच होता, आणि तो द्यायच्या आधी मी तुझ्याकडून दोन फासे जास्तीचे मागितले. मला वाटत होतं की मी तुझ्या कल्पनेला मान देतोय. गेले दोन महिने तू गप्प का झालास हे मी इतरांना विचारत होतो, तुला विचारलं नाही. हे माझं चुकलं.

येत्या रविवारपासून नियम पुस्तकातलाच, वर्णनाची अट नाही. कुणी वर्णन केलंच तर त्याच्यासाठी वेगळा फासा मागणार नाही. ज्याने नियमाबाहेरचं काही जास्तीचं मिळणार असेल, त्यालाच फासा. हॉबगॉब्लिन २डी६ घेतील तेव्हा तुमचं कुठे उघडं पडलं ते मी सांगेन. घुबडावर मी अजून ठाम आहे, पण ते विझार्डसमोर बोलू.

आणि चौकी अजून पूर्ण साफ झालेली नाही. झुंबर तिथेच टांगलेलं आहे.