मदत हवी आहे: लँथॅनम-१४०च्या गॅमा शिखराची दुरुस्ती
मी सांगलीत एम.एस्सी. भौतिकशास्त्र शिकत असून, औष्णिक न्यूट्रॉनमुळे होणाऱ्या युरेनियम-२३५च्या विखंडनात वस्तुमानांक १४०ची साखळी (एकमेकांत ऱ्हास पावणाऱ्या अणुकेंद्रांची मालिका) किती टक्के निर्माण होते, हे गॅमा वर्णपटावरून काढत आहे. या साखळीतील बेरियम-१४०च्या ऱ्हासातून लँथॅनम-१४० तयार होते. बेरियम-१४०ची ५३७ केईव्हीची (गॅमा किरणांच्या ऊर्जेचे एकक) रेषा पार्श्वभूमीत बुडाली आहे. लँथॅनमची १५९६ केईव्हीची मात्र सुळक्यासारखी उठून दिसते, आणि दोन आठवड्यांनंतर लँथॅनमची सक्रियता बेरियमच्या सुमारे १.१५ पट धरता येते, हे मला पटते. अडचण पुढेच आहे. युरोपियम-१५२च्या प्रमाणित स्रोताच्या ठळक रेषा १४०८ केईव्हीलाच संपतात. त्यापुढे शोधकाच्या (डिटेक्टरच्या) कार्यक्षमतेचा वक्र, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा मोजले जातात याचा आलेख, तसाच वाढवावा का? शिवाय नमुना शोधकाला चिकटून ठेवल्याने लँथॅनमचे एकापाठोपाठ सुटणारे गॅमा एकत्र मोजले जाऊन शिखर खुजे होते. ही दुरुस्ती कोणी स्वतः केली असल्यास कृपया सविस्तर सांगावे.